पट्टी कुणी ठरवायची?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून मॅक्सम्युलर येऊन जातो. मजकूर ठरलेला. एडिसनने ग्रामोफोनचा शोध लावला, पहिला आवाज कुणा थोर विद्वानाचा असावा म्हणून मॅक्सम्युलरला बोलावलं, त्याने 'अग्निमीळे पुरोहितम्' म्हटलं आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. खाली जोडलेल्या हातांची रांग. यातलं काहीही घडलेलं नाही. एडिसनने १८७७ मध्ये बनवला तो फोनोग्राफ. त्यात तो स्वतःच बोलला, आणि बोलला ते मेरी आणि तिच्या कोकराचं बडबडगीत. ज्या कथलाच्या वर्खावर ते उमटलं, तो वर्ख टिकला नाही. ग्रामोफोन म्हणजे तबकडीचं यंत्र. ते एमिल बर्लिनरचं, पेटंट १८८७ चं. ग्रुपवरचा दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे विवेकानंदांचं शिकागोचं भाषण, 'मूळ आवाजात'. १८९३ च्या त्या परिषदेत ते भाषण कुणी ध्वनिमुद्रित केलेलंच नव्हतं.

मी हे एकदा ग्रुपवर लिहिलं. "असेल हो, पण ऐकायला छान वाटतं ना," असं उत्तर आलं आणि त्याखाली सूर्यफुलाचं एक गुड मॉर्निंग.

माझं पोटच आवाजावर चालतं, म्हणून मला हे जरा जास्त लागतं. मी मालिकांचं साऊंड एडिटिंग करते. घोडबंदर रोडच्या बाजूला चित्रीकरण, आणि माझं काम एका गार, खिडकी नसलेल्या खोलीत. फ्लॅशबॅक आला, सासूबाईंचं बालपण सुरू झालं, की दिग्दर्शक म्हणतो, "जरा जुनं कर." मग मी खरखरीची तयार फाईल काढते आणि स्वच्छ आवाजावर अंथरते. त्यामुळे असल्या क्लिपांचं बिंग मला पहिल्या चार सेकंदांतच फुटलेलं दिसतं. खरखर सगळीकडे सारखी पसरलेली आणि तिच्याखाली आवाज मात्र भरदार, मायक्रोफोनसमोर बसून बोललेला. कर्ण्यात बोललेला आवाज तसा नसतोच. वीज नाही, नुसत्या हवेच्या दाबावर पडदा हलणार आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात कोरणार. साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं आणि अडीच-तीन हजारांच्या वरचं फारसं काही मेणापर्यंत पोचतच नाही. डग्ग्याचा घुमारा जातो. 'स' आणि 'श' जवळजवळ पुसले जातात. आणि मेणाच्या नळीला, म्हणजे जुन्या फोनोग्राफवर वाजणाऱ्या पोकळ दंडगोलाला, तडा गेलेला असेल तर ती फेऱ्याला एकदा 'टक' करते. मिनिटाला १६० फेरे असतील तर १६० टक. खऱ्या खरखरीला लय असते. खोटीला नसते, कारण ती माझ्यासारख्या कुणीतरी घाईत टाकलेली असते.

दिवसा खरखर घालायची आणि संध्याकाळी काढायची, असा माझा उफराटा धंदा आहे. संध्याकाळी लोक जुन्या तबकड्या, कॅसेटी, स्पुलं घेऊन घरी येतात. बहुतेकांची मागणी एकच असते: "ही खरखर तेवढी घालव."

ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत, सध्या एकामागून एक इमारत पुनर्विकासाला चालली आहे. पन्नास वर्षांचा संसार भाड्याच्या घरात हलवायचा म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. माळ्यावरून काय काय उतरतं! पितळी घंगाळं, पाळण्याच्या कड्या, बाजूला काढून ठेवलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी लग्नातली पत्र्याची ट्रंक. पुस्तकांचं बरं असतं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे; निदान विचारायला तरी जागा आहे. आवाजाला माळा नाहीतर भंगारवाला. अशाच एका माळ्यावरून, पाऊस सुरू व्हायच्या बेतात असताना, आमच्या ओळखीच्या एका काकांनी ट्रंक उतरवली. त्यांच्या वडिलांना मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, रविवार घालवायची हौस होती. ट्रंकेत वर तबकड्या आणि तळाशी पुठ्ठ्याचे चार-पाच गोल डबे, पाणी प्यायच्या पेल्यापेक्षा थोडे उंच.

"अगं, हे बघ जरा. वाजतंय का काही?" म्हणत काकांनी एक डबा उघडून आतल्या वस्तूला हात घातलासुद्धा. मी ओरडलेच.

मेणाची नळी बाहेरून धरायची नसते. तर्जनी आणि मधलं बोट आत घालायचं, हलकेच फाकवायचं आणि तेवढ्या ताणावर ती उचलायची. बाहेरच्या अंगावर आवाज कोरलेला असतो. तिथे बोट लागलं की घाम आणि तेल बसतं. थंड नळीला गरम बोट लागून ती तडकूही शकते. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे बांगडी आतून धरायची. एवढंच ना?" एवढंच. डब्याला आतून कापसाळ अस्तर होतं, तेही दमट. आत तपकिरी नळी, पावणेसहा सेंटिमीटर व्यासाची, आणि तिच्यावर एका बाजूने पांढरी नक्षी चढलेली. दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा खाचा दिसल्या: इंचाला शंभर, एकमेकींना चिकटून. जिथे नक्षी होती तिथे खाचा दिसत नव्हत्या. कडेला पेन्सिलीने एक आकडा. नाव नाही, गाव नाही, काही नाही.

मेण म्हणतात खरं, पण ते मधमाशीचं नव्हे. रसायनाच्या हिशोबात ही तपकिरी नळी साबणाच्या कुळातली: स्टिअरिक आम्ल, कॉस्टिक सोडा, थोडं अॅल्युमिनियम आणि त्यात सेरेसिन किंवा पॅराफिन. त्यावर कोरायचं होतं म्हणून ती मऊ केली; मऊ म्हणून ती झिजते. दर वेळी वाजवताना सुई थोडा आवाज ऐकवते आणि थोडा खरवडून नेते. नंतर १९०२ मध्ये साच्यातून काढलेल्या काळ्या, जरा कडक नळ्या आल्या; १९१२ मध्ये सेल्युलॉइडच्या निळ्या. निळीला बुरशीचं भय नाही. तपकिरी नळी म्हणजे मात्र बुरशीला वाढलेलं पान. संग्रहालयं अशा नळ्या वीस अंशांच्या आसपास, चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेत, उभ्या ठेवतात. ठाण्याच्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ऐंशी-नव्वदला टेकते. कपाटातल्या चामड्याच्या चपला आठवड्यात हिरव्या होतात. बुरशी वर बसून राहत नाही, ती खाते, आणि खाल्लेल्या जागी खड्डा करते. तबकडीत खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते. नळीत ती वर-खाली जाते, खोली म्हणजेच आवाज. त्यामुळे नळीवरचा प्रत्येक खड्डा थेट कानात येतो. वरची पांढरी बुरशी पुसली तरी खालचा खड्डा भरत नाही. आणि पुसायची तरी कशाने? अल्कोहोल लावलं तर नक्षीबरोबर गाणंही निघून जाईल. काकांच्या सुनेने टिश्यू आणि सॅनिटायझर आणलंच होतं.

आम्ही त्या नळ्या वाजवल्या नाहीत. हे काकांना पटवायला वेळ लागला. मुंबईत खटपट करून चावीचा एखादा फोनोग्राफ मिळालाही असता. पण त्याचा साऊंडबॉक्स, म्हणजे सुई-पडद्याची डबी, जड. बुरशी खाल्लेल्या तपकिरी नळीवर तो टेकवला तर एकदा ऐकू येईल, आणि त्याच फेरीत जे ऐकलं ते संपेल. "एकदा तरी ऐकू की," काका म्हणाले. खरं सांगायचं तर माझीही बोटं शिवशिवत होती.

या नळ्यांचं मला सगळ्यात आवडणारं अंग म्हणजे त्यांच्यावर कुणालाही बोलता यायचं. फोनोग्राफ ऐकवायचाही आणि लिहूनही घ्यायचा. कोरी नळी चढवा, कर्ण्यात तोंड घाला, बोला. नको झालं तर वरचा थर तासून काढा आणि पुन्हा बोला. तासायचं पातं यंत्राबरोबरच मिळे. किती आवाज असे तासले गेले असतील, याचा हिशोब मांडायला कुणी बसलेलं नाही. तबकडी आली आणि घरचा माणूस नुसता श्रोता झाला. पुढे टेपरेकॉर्डर येईपर्यंत घरातल्या बाळाचं रडणं, आजीची ओवी, जावयाची फजिती यांपैकी काही मुद्रित करायची सोय सामान्य घरात उरली नाही. एचएमव्हीचा तो कुत्रा आठवतो? फ्रान्सिस बॅरोने मूळ चित्र काढलं तेव्हा कुत्र्यासमोर नळीचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र घेताना त्यावर तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. मूळ कॅनव्हास ठरावीक प्रकाशात तिरका बघितला तर खालचा जुना फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात. धंद्यातली चढाओढ इतक्या उघडपणे कुठे रंगवलेली मी पाहिलेली नाही.

गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात यंत्र घेऊन उतरला १९०२ मध्ये. किर्लोस्कर मंडळींच्या त्या पिढीचा आवाज कुठे असणार असेल तर तो मेणाच्या नळीवरच. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत. दोघांचीही तबकडी नाही. ज्यांचं गाणं ऐकायला जीव टाकावा त्यांचं काही नाही, आणि कुणा अनाम विदूषकाच्या तीन मिनिटांच्या नकलेच्या ढीगभर प्रती चोरबाजारात. जपणुकीचा इतिहास हा असा बेशिस्त आहे. यात गुणवत्तेपेक्षा कोरड्या कपाटाचा वाटा मोठा.

तबकडीसुद्धा जन्मते मेणातच. गैसबर्गने कोरल्या त्या जाड मेणाच्या थाळ्या. त्या बोटीने जर्मनीला, हॅनोव्हरला गेल्या. तिथे त्यांच्यावर धातूचा थर चढवून साचे झाले आणि साच्यांतून लाखेच्या तबकड्या निघून पुन्हा हिंदुस्थानात विकायला आल्या. लाखही बहुतेक इथूनच गेलेली. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोण काय गातंय हे कळायचा मार्ग नव्हता, म्हणून गाणं संपताच गाणाऱ्याने आपलं नाव मोठ्याने सांगायचं. गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' ते हेच. लोक त्याला ऐट समजतात. ती पार्सलावरची चिठ्ठी होती.

काकांच्या ट्रंकेतली वरची एक तबकडी याच जातीची, कर्ण्याच्या काळातली. नाट्यपद आहे. लेबल वाळवीने अर्धं नेलेलं. शेवटी गायक नाव सांगतो, पण ते नेमकं आतल्या टोकाला, जिथे खाच सगळ्यात आवळलेली असते आणि पोलादी सुई सगळ्यात बोथट झालेली. ऐकू येतं ते एवढंच: "...कर." मराठी माणसाला एवढ्यावरून काय कळणार!

तबकडी मात्र मी वाजवली. हलका इलेक्ट्रिक पिकअप, रुंद सुई, संगणकाला जोडून. दिव्याखाली धरली की मधोमध एक राखाडी पट्टा दिसतो. तिथली तान कुणीतरी पुन्हा पुन्हा ऐकलेली आहे, सुई उचलून मागे नेऊन. त्या जागी आवाज सगळ्यात खराब. घरातल्यांना जे सगळ्यात आवडलं तेच सगळ्यात झिजलं. "हा पट्टा नीट कर ना," काकांनी सांगितलं. मी नीट केलाही, वेगळ्या फाईलमध्ये. मूळ उतारा जसाच्या तसा ठेवला: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, खरखर, टकटक, सगळ्यासकट. सॉफ्टवेअर आज काढतं ती खरखर आणि तिच्याबरोबर कधी थोडा तंबोराही काढतं, कारण त्याला दोन्ही गुणगुणच वाटतात. दहा वर्षांनी यापेक्षा शहाणं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा त्याला देण्यासाठी आपल्याकडे घाणेरडा उतारा हवा. माझ्या मते 'रिस्टोर्ड' म्हणून फिरणारी निम्मी गाणी ही नव्याने केलेली हानी आहे. ती ऐकायला गुळगुळीत असतात, एवढंच.

पण हे सगळं सोपं. खरं अडलं वेगात.

तबकडी ७८ ची, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. १९२५ च्या आधी, विजेवरचं मुद्रण यायच्या आधी, तो आकडा नावापुरता होता. कोरणारं यंत्र बहुधा लोंबत्या वजनावर चाले. वजन खाली सरके, थाळी फिरे. प्रत्यक्ष वेग सत्तरपासून ऐंशीच्या पुढपर्यंत काहीही. नळ्यांचं तर विचारूच नका. १६० फेरे हा संकेत साधारण १९०२ ला स्थिरावला. त्याआधीच्या तपकिरी नळ्या १२०, १४४, जे त्या दिवशी जमलं त्या वेगाने कोरलेल्या. आता १२० ने कोरलेली नळी १६० ने वाजवली तर काय होईल? गुणोत्तर चारास तीन. म्हणजे बरोबर षड्जाचा मध्यम. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा बुवा काळी तीनइतक्या वरच्या पट्टीत गायला लागेल, लय एक तृतीयांशाने वाढेल, आणि आपण म्हणू, काय तयारी होती हो त्या काळी!

कॅसेट-स्पुलांचं काम करताना विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण सापडते. ती पन्नासवर आणली की वेग बरोबर. कर्ण्याच्या काळात वीज नाही, तर गुणगुणही नाही. मग ताडायचं कशावरून? साथीच्या पेटीवरून म्हणावं, तर त्या काळच्या पेट्या कुठल्या एका मापाला लावलेल्या नव्हत्या. श्वासावरून, आंदोलनावरून, तबल्याच्या बोलानंतर आवाज किती रेंगाळतो त्यावरून. म्हणजे शेवटी कानावरूनच.

बर्लिनमधल्या लोकांनी हे आधीच ओळखलं होतं. कार्ल श्टुम्पफने १९०० मध्ये तिथे ध्वनिसंग्रह सुरू केला. पुढे होर्नबोस्टेल त्याचा प्रमुख असताना जगभर निघालेल्या प्रवाशांना यंत्राबरोबर एक छोटी सूरशिट्टी दिली जाई. गाणं कोरण्याआधी ती नळीवर वाजवायची. तिचा सूर ४३५ हर्ट्झ. पुढे कुणीही, कधीही, कुठल्याही यंत्रावर नळी लावली तर आधी शिट्टी जुळवायची, मग गाणं आपोआप जागेवर येतं. त्या संग्रहात सोळा हजारांवर नळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्या रशियाकडे गेल्या, मग पूर्व बर्लिनला आल्या आणि १९९० च्या दशकात मूळ संग्रहात परतल्या. शिट्टीचा सूर मात्र कुठे हलला नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्या आवरणावर वेग कोरून दिला आहे, ३.६ सेकंदांत एक फेरा, तोही हायड्रोजनच्या अणूच्या मापात. परग्रहावरच्या श्रोत्यांची एवढी काळजी. नौपाड्यातल्यांसाठी पेन्सिलीचा एक आकडा.

हल्ली नळ्यांना फारशी इजा न करता आवाज काढता येतो. फ्रान्समध्ये आंरी शामूने १९९८ च्या सुमारास आर्किओफोन बनवला; त्यात हलक्या वजनाची सुई असते आणि वेग हवा तसा बदलता येतो. त्याही पुढचं अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत झालं. कार्ल हेबर आणि विताली फदेयेव हे मूलकणांचे शोधक. कणांचे माग मोजायची त्यांची रीत त्यांनी खाचांना लावली. सुईच नाही. तबकडीचं सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घ्यायचं. नळीची खाच वर-खाली असते म्हणून तिची खोली बिंदूबिंदूने मोजायची, आणि त्या डोंगरदऱ्यांवरून संगणकाने आवाज काढायचा. फुटलेली नळी, बुरशी खाल्लेली नळी, सगळ्यांवर प्रयत्न करता येतो. यंत्राचं नाव 'आयरीन', एका लोकप्रिय गाण्यावरून. याच सुमारास १८६० मध्ये काजळीच्या कागदावर उमटवलेला एक फ्रेंच गाण्याचा तुकडाही वाजवता आला, २००८ मध्ये. ज्या मार्टिनव्हिलने तो उमटवला, त्याच्या डोक्यात आवाज परत वाजवायचा विचारही नव्हता. त्याला तो फक्त डोळ्यांनी बघायचा होता. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा लोकांना लहान मुलीचा वाटला. मग ध्यानात आलं की वेग दुप्पट धरला होता. तो पुरुष होता, बहुधा स्वतः मार्टिनव्हिलच.

तर आयरीनसुद्धा पट्टी सांगत नाही.

काकांच्या "...कर"चंही तेच झालं आहे. ७८ ला लावलं की काळी तीन, आवाज बाईचा वाटतो. ७४ ला लावलं की पांढरी चार, आणि बाईचं काम करणारा पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. पदर सावरणारा. काका ७८ च्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, माईक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर मंडळी वरच्या पट्टीतच गायची, वडील सांगायचे. मी ही फाईल आमच्या भागातल्या पेटीच्या सरांना ऐकवली. ऐंशीच्या पुढचे, ठाण्यात पन्नास वर्षं साथ केलेले. पंडित राम मराठे महोत्सवात गडकरी रंगायतनला मध्यंतरात बटाटावडा खाताना त्यांना गाठलं, इअरफोन दिले. डोळे मिटून त्यांनी दोन्ही फाईली ऐकल्या. म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला पेटी चिरकतेय. तिचा भाता असा भसाभस कोणी मारत नाही. हा माणूस पांढरी चारचा आहे. आणि ही चाल मी अशी, थोडी सैल, ऐकलेली आहे." कुठे? "माझ्या गुरुजींच्या गुरुजींकडून." हे ऐकल्यावर काका चिडले. "त्यांचे गुरुजी काय तिथे घड्याळ लावून बसले होते?"

मला यात मेणापेक्षा जास्त घाई दिसते. काकांची नळी आणखी तीस वर्षं न वाजवता, कोरड्या जागी उभी ठेवता येईल. तोवर ठाण्यातही एखादी आयरीन येईल. पण 'भाता असा मारत नाही' हे सांगणारे कान तीस वर्षं थांबणार नाहीत. अमेरिकेत जेसी फ्यूक्स या मानववंशशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मेन राज्यात पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी नळ्यांवर घेतल्या, लोकांमध्ये जाऊन केलेली अशी ती पहिलीच मुद्रणं. शंभर वर्षांच्या आत-बाहेर त्यांच्या प्रती त्या समाजाकडे परत गेल्या, पुढे चांगल्या यंत्रांवर पुन्हा उतरवल्या गेल्या. खरखरीतून शब्द कोणी काढले? त्या समाजातल्या, भाषा येणाऱ्या माणसांनी. फ्यूक्सने दिलेल्या नावांशेजारी आता त्यांनी दिलेली नावं लागली आहेत. यंत्राने आवाज दिला. तो कशाचा ते त्यांनी सांगितलं.

म्हणून मी हल्ली तबकडीबरोबर माणसंही मुद्रित करते. लोकांना हे विचित्र वाटतं. गाणं ऐकवून झालं की फोन टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं: हे कोण, कुठल्या अंकातलं, पट्टी कुठली, तुम्ही कधी ऐकलंत. आजींकडे पदाच्या मधल्या ओळी असतात, ज्या तबकडीने तीन मिनिटांत बसाव्यात म्हणून गाळलेल्या. एका आजोबांनी त्यांच्या वडिलांची मंडळी कुठे कुठे उतरायची ते सांगितलं, तलावपाळीपासून थेट पालघरपर्यंत, आणि त्यात गाण्याचा शब्दही नव्हता. पण कुठल्या साली कोण कंपनीत होतं ते त्यातूनच कळलं. फाईलसोबत एक साधा तक्ता ठेवते: वस्तू कुठून आली, डब्यावर काय लिहिलं होतं, कुठली सुई, कुठला वेग, आणि वेग कुणी, कशावरून ठरवला. तीन प्रती, त्यातली एक ठाण्याबाहेर. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांनी दगा देते हे गृहीतच धरते. मेणाला निदान दगा द्यायला शंभर वर्षं लागली.

काकांच्या नळ्या सध्या माझ्याकडे आहेत. जुने डबे वेगळे, लेबलांसाठी जपलेले; नळ्या नव्या आम्लविरहित पुठ्ठ्यात, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी. प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात नाही, हे काकांच्या सुनेला तीनदा सांगून झालं. प्रत्येकीचे चहूबाजूंनी फोटो काढलेत. पेन्सिलीचा आकडा चार नळ्यांवर क्रमाने आहे, मधला एक गायब. म्हणजे त्या कुणाच्या तरी एकाच संचातल्या. तो गायब आकडा कुठल्या माळ्यावर असेल या विचाराने मी नौपाड्यातल्या प्रत्येक पुनर्विकासाच्या पाटीकडे संशयाने बघते.

काकांच्या पुण्याच्या भाच्याला "...कर"चं गाणं हवं आहे, काकांच्या पंच्याऐंशीला सगळ्यांना ऐकवायला. काका म्हणतात, माझं, ७८ चं पाठव. सरांनी तोडगा काढलाय: त्यांच्या गुरुजींची पॅरिस रीडची पेटी त्यांच्याकडे आहे, तिचे सूर कधी कुणी बदललेले नाहीत, तिच्याशेजारी दोन्ही फाईली लावून बघायच्या. काका तयार झालेत, पण पेटीवर हात आपला स्वतःचा असावा अशी अट घालून. त्यांना पेटी येत नाही. तूर्त प्रश्न वेगळाच आहे. पेटीचा भाता फाटलाय, आणि दुरुस्तीवाले दसऱ्यानंतर देतो म्हणालेत. तोपर्यंत दोन्ही फाईली पाठवते आहे, एकीच्या नावात ७८, दुसरीच्या ७४, आणि तक्त्यात काका काय म्हणाले आणि सर काय म्हणाले, दोन्ही, भांडणासकट.